हवावाले उत्तमकाका

आमच्या जवळा बाजार गावात कुठंही ट्रकचं बोनेट वर झालं, की उत्तमकाका हजर. कोण सांगतं त्यांना, देव जाणे! धोतराचा सोगा हातात धरून लगबगीनं येतात, इंजिनावर तळहात ठेवतात, डोळे मिटतात आणि ड्रायव्हरला हुकूम सोडतात, "मार चाबी!" सेल्फ फिरतो, इंजिन काही धरत नाही. काका वाकून सायलेन्सरकडं बघतात. मग सावकाश ताठ होऊन निकाल देतात.

"हवा घेतली हिनं."

या माणसानं जन्मात स्टिअरिंग धरलेलं नाही. सायकलसुद्धा येत नाही. शेत बटईनं दिलेलं, लग्न केलेलं नाही, दिवसभर बाजारातल्या लिंबाखाली बैठक. पण डिझेल इंजिनावर सुटले की ऐकत राहावं. "धूर निघून राहिला का? न्हाई. धूर न्हाई म्हंजे डिझेल पोचून न्हाई राहिलं. काहून न्हाई पोचत? मधी हवा बसली. सरळ हिशोब हाय, बाबा!"

आता खरं सांगायचं तर जुन्या ट्रकची खोडच ती. डिझेलच्या पाइपाचा एखादा वायसर झिजतो, रात्रभर उभ्या गाडीत हवा शिरते आणि सकाळी गाडी रुसून बसते. मीही ट्रकच चालवतो; माझी गाडी तर म्हातारी, महिन्यातून एकदा रुसणारच. त्यामुळं काकांचा निकाल अधूनमधून बराबर निघतो, आणि त्या जोरावर काय ती मिजास! हवा बाहेर काढायला डिझेल पंपाचा नट सैल करायचा मान त्यांचा. मी खाली इंजिनाचा हातपंप मारत घाम गाळायचा आणि हे वरून सांगणार, "फेस... अजून फेस... मार की, दमला का एवढ्यात? आली, आली धार! आवळ आता!" गाडी चालू झाली की सगळ्या बाजारावर नजर फिरवतात. लेकीचं लग्न लावून दिल्यासारखं तोंड असतं.

बरं, ट्रकवर थांबतील तर ते उत्तमकाका कसले! हॉटेलातला स्टोव्ह पेटंना, "हवा घेतली." माझ्या मेव्हण्याची सोयरीक मोडली, "मधी कुठंतरी हवा घेतली." एकदा मी तापानं फणफणलो होतो, तर हे घरी आले, माझ्या पोटावर तळहात ठेवून डोळे मिटले आणि बायकोला म्हणाले, "हवा घेतली यानं." अंगात त्राण नव्हतं म्हणून गप्प राहिलो.

काकांच्या भिंतीला भिंत लावून त्यांची थोरली बहीण राहायची, सरूआक्का. नवरा गेल्यावर माहेरी आली आणि या बाबाच्या दोन वेळच्या भाकरी थापत राहिली. भांडण मात्र रोजचं. सकाळच्या भाजीत मीठ कमी म्हणून काका भांडायचे, त्या रागानं ती संध्याकाळी मूठभर जास्त टाकायची, की पुन्हा सुरू.

मागच्या दिवाळीनंतर आक्काच्या पोरानं तिला कायमचं नांदेडला न्यायचं ठरवलं. गुडघे गेलेले, डोळ्यांचं ऑपरेशन करायचं होतं, पोराचं काही चुकत नव्हतं. मी सोयाबीन घेऊन नांदेडला निघालोच होतो, म्हणून तिची भांडीकुंडी, ट्रंक, पाटा-वरवंटा सगळं माझ्याच गाडीत चढवलं. आक्का केबिनमध्ये बसली. मी चाबी मारली. सेल्फ फिरला, पण गाडी ढिम्म. धुराचा पत्ता नाही.

बाजारातले सगळे एका सुरात ओरडले, "हवा घेतली!"

काकांनी इंजिनावर तळहात ठेवला. या वेळी बराच वेळ ठेवला. मग म्हणाले, "न्हाई. ही हवा न्हाई. बॅटरी बसली हिची."

सगळे गार! सेल्फ गरगर फिरत होता, म्हणजे बॅटरी ठणठणीत, हे शेंबडं पोरगंही सांगेल. पण ज्या माणसाला तापातसुद्धा हवा दिसते, तोच नाही म्हणतो म्हटल्यावर नसणारच की! मीही बावळटासारखा कामाला लागलो. टर्मिनल घासले, दुसऱ्याची बॅटरी आणून जोडली. मग काका म्हणाले सेल्फ खराब. मग बाजारातल्या हमालांना भरली गाडी ढकलायला लावली. हमालांनी काकांच्या सात पिढ्या उद्धरल्या. दुपार झाली. नांदेडला खायची भाकरी आक्कानं तिथंच सोडली आणि काकांनाही वाढली. मीठ कमी आहे, असं काही ते बोलले नाहीत.

जेवून झाल्यावर काका म्हणाले, "पंपच उतरवावा लागंल. आज काही होत न्हाई."

आक्कानं केबिनमधून डोकं बाहेर काढलं. "उत्त्या, पुरं कर. मला डोळ्यानं दिसंना, पर धूर निघून न्हाई राहिला हे कळतंय. हवा हाय ती. काढ."

"उद्या जा की आक्का."

"उद्या बी तू हेच करशील."

काका खाली मान घालून उभे राहिले. "तू गेल्यावर मी भांडू कुनासंगं?"

मला रागच यायला पाहिजे होता, सगळ्या दिवसाची माती झाली होती. पण मी पाना पुढं केला.

काकांनी माझ्या हातातला पाना घेतला. मी पंप मारला. फेस आला, पुन्हा फेस आला, मग स्वच्छ धार लागली. काकांनी नट आवळला. पहिल्याच चाबीला गाडी धडधडत चालू झाली.

"हळू चालव," ते मला म्हणाले. "वसमतपर्यंत रस्ता लई खराब हाय. तिचे गुडघे दुखतात."

"मग तुमीच चला की पोचवायला."

"मला गाडी लागती."

मला वाटलं चेष्टा करतात. पण आक्का वरून म्हणाली, "व्हय, लहानपणापासनं लागती. माझ्या लग्नाच्या वऱ्हाडात नवऱ्याच्या चुलत्याच्या अंगावर ओकला हा!"

अख्खा बाजार हसला. काकाही हसले, डोळे पुसत.

"चढ वर," आक्का म्हणाली. "मी हाय ना."

वसमत यायच्या आत काका किती वेळा खिडकीतून वाकले, विचारू नका. दर वेळी आक्का पाठ चोळायची आणि वर बोलायची, "दोन भाकरी हाणल्या कशाला?" आणि काका पांढऱ्याफटक तोंडानं उलट उत्तर द्यायचे, "तूच वाढल्यास!" भांडण अगदी रंगात आलं होतं. मागं गाड्यांची रांग लागली होती, सगळे हॉर्न मारून राहिले होते. मारा म्हटलं. मी गाडी अजून हळू केली. नांदेड जितकं उशिरा येईल तितकं बरं, असं आता मलाही वाटून राहिलं होतं.