तळेकाठ रेसिडेन्सी अँड मॉल

बाळांनो, एका जंगलात एक तळं होतं. जंगल कुठलं ते विचारू नका. कदाचित तुम्ही त्याच्याच पाचव्या मजल्यावर राहत असाल.

त्या तळ्यात गोदाक्का नावाच्या कासवीणबाई राहायच्या. शेवाळ काढायच्या, पाणी नितळ ठेवायच्या आणि काठावर बसून शिंगाडे विकायच्या. संध्याकाळी ससे, हरणं पाण्यावर येत. शिंगाडे खात, एकमेकांची उणीदुणी काढत आणि आपापल्या घरी जात. त्या काळी यालाच बाजार म्हणत.

एक दिवस कोल्हा एक रंगीत चित्र घेऊन आला. चित्रात खाली दुकानं होती, वर घरं होती, मधे कारंजं होतं. त्याने सभा भरवली आणि आपण किती मागासलेले आहोत ते सगळ्यांना समजावून सांगितलं. पलीकडच्या जंगलात म्हणे जनावरं लिफ्टने खाली येतात, खरेदी करतात आणि लिफ्टने वर जातात. पायाला माती लागत नाही. ससे हरखून गेले. हरणांनी भीत भीत विचारलं, की मग चरायचं कुठे? तळमजल्यावर गवताचं दुकान निघणार होतं.

तळ्याच्या बदल्यात गोदाक्कांना सातव्या मजल्यावर फ्लॅट मिळणार होता.

त्या म्हणाल्या, "मला घर आहे की. हे काय, पाठीवर."

कोल्हा हळहळला. "पाठीवर आहे आक्का. नावावर कुठंय?"

सगळ्यांना ते पटलं. गोदाक्कांनाही थोडं पटलं, आणि घात झाला तो तिथेच.

तळं बुजवलं. त्यावर पार्किंग झालं. जंगलात गाडी कुणाकडेच नव्हती, पण पार्किंग आहे म्हटल्यावर सशांनी गाड्या घेतल्या. तळमजल्यावर 'शुद्ध तळ्याचं पाणी' बाटलीत मिळू लागलं. हरणं रांग लावून गवत घेऊ लागली आणि सेल लागला की जास्तीचं घेऊन ठेवू लागली.

सातव्या मजल्यावर गोदाक्कांची कातडी सुकून तडकू लागली. चार शिंगाडे कुठूनसे आणून त्या खाली विकायला बसल्या, तर दारावरच्या तरसाने उठवलं. राहणाऱ्यांनी इथे फक्त विकत घ्यायचं, असा नियम होता. शेवटी एका दुपारी त्या गुपचूप कारंज्यात उतरल्या. किती दिवसांनी अंगाला पाणी लागलं होतं! त्यांना रडू आलं. पाण्यात होत्या, म्हणून कुणाला कळलं नाही.

सोसायटीने तक्रार केली. कोल्हा धावत आला.

"मला माझं तळं परत दे," गोदाक्का म्हणाल्या.

"परत काय द्यायचं? पाटी वाचा. 'तळेकाठ'. तळं नसतं तर असं नाव दिलं असतं का?"

मग त्याला एक युक्ती सुचली. गोदाक्कांनी खुशाल कारंज्यात राहावं, मात्र गिऱ्हाइकांना दिसेल असं मान वर करून बसावं. जाहिरातीत छापून आलं, 'निसर्गाच्या कुशीत'. फ्लॅटचे भाव चढले.

तिसऱ्या आठवड्यात गोदाक्कांची मान अवघडली. त्या उठल्या आणि फाटकातून चालत्या झाल्या. कोल्ह्याने त्यांच्या जागी सिमेंटचं कासव बसवलं. सशांना हेच जास्त आवडलं, कारण ते फरशीवर पाणी सांडत नव्हतं.

फार चालल्यावर गोदाक्कांना डोंगरापलीकडे एक जुनी खाण सापडली. तिच्यात पावसाचं पाणी साठलेलं होतं. त्यांनी शेवाळ काढलं, शिंगाडे लावले. हळूहळू बेडूक आले, बगळे आले. एक म्हातारं हरीणही आलं आणि पाण्यात तोंड घालून बराच वेळ उभं राहिलं.

आणि एका सकाळी काठावर कोल्हा उभा होता. हातात मोजायची टेप होती.

"वा! काय सुंदर जागा आहे, आक्का. कोण राखतं हे तळं?"

गोदाक्कांनी मान आत ओढून घेतली.

कोल्ह्याने ती संमती समजली.

तात्पर्य : तळं राखील तो पाणी चाखील, असं जुने लोक म्हणत. ते लोक भाड्याने राहतात. शहाण्याने तळं बुजवावं आणि पाणी विकावं.