घरबसल्या नांदेड

लक्ष्मम्मांचं म्हणणं एकच होतं : माणसानं कामाला जावं, कामानं घरी येऊ नये. त्यांचा उमाशंकर मात्र लातुरातच माडीवर दार लावून बसायचा आणि म्हणायचा, "आई, मी नांदेडला हाय."

"मग जेवायला बी नांदेडलाच जा की!"

क्लासवाल्यांच्या ऑफिसातली कॉम्प्युटरं तो घरबसल्या सांभाळायचा. त्यासाठी खालच्या कोठीत, ज्वारीच्या कणगीशेजारी, थंडाव्याला एक पेटी ठेवली होती. तिला तो सर्व्हर म्हणायचा. ती चालू, तर नांदेडच्या फारूकभाईंच्या क्लासचे प्रवेश चालू. ती बंद, तर तिथं पोरांची रांग आणि इथं फारूकभाईंचा फोन.

आणि ती रोज दुपारी बंद पडायची. उमाशंकर जिना उतरून येईस्तोवर आपोआप सुरूही व्हायची. त्यानं विकतचं सॉफ्टवेअर काढून फुकटचं टाकलं. ते पडलं तेव्हा परदेशातलं महागडं आणलं. त्यानंही दुपारीच मान टाकली.

"तुझ्यासाठी पोरी बघताना बी मी इतक्या नापास केल्या न्हाईत," लक्ष्मम्मा म्हणाल्या. "दर सून पळून जातीया म्हणल्यावर खोट सासरात आसती, बाबा."

"तुला त्यातलं कळत न्हाई, आई."

शेवटी फारूकभाई स्वतःच येऊन बसले. "उमाभाऊ, आजची दुपार माझ्यासमोर काढा. बंद पडलं, तर मी दुसरा माणूस बघतो."

उमाशंकर तोंड उतरवून माडीवर गेला. ते बघून लक्ष्मम्मांनी फारूकभाईंना खाली ठेवून घेतलं आणि ताटात धपाटे वाढले. पोट भरलेला माणूस तोडून बोलत नाही, हा त्यांचा अनुभव.

दुसरा धपाटा निम्मा झाला आणि समोरचा नवा क्लास सुटला. पोरांच्या गाड्या, बसगाड्या एकदम गुरगुरल्या. फळीवरची पितळी भांडी खणखणली. भूकंपानंतर लक्ष्मम्मांनी ती मुद्दाम एकावर एक रचली होती. वाजली की आधी मेन स्विच पाडायचा, मग अंगण गाठायचं. या गाड्या आहेत हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण भूकंपाच्या त्या पहाटेही शेजारी 'ट्रक हाय' म्हणूनच झोपून राहिले होते.

त्यांनी खटका पाडला. "उमाऽ, खाली उतर!" अशी हाक मारली आणि फारूकभाईंना ताटासकट अंगणात ओढलं. हाक रोजचीच होती. माडीचं मीटर वेगळं, वर पंखा फिरत होता आणि पोराच्या कानात वायरीची बोंडं होती.

अंगणात फारूकभाईंना नांदेडच्या ऑफिसातून फोन आला. "सर, बंद पडलं!"

उमाशंकर धडाधड जिना उतरला. अंधारी कोठी, पडलेला खटका, अंगणात ताट धरून उभे फारूकभाई.

"आई! रोज तूच?"

फारूकभाई हसता हसता ठसकले. "अम्मांला काई बोलू नका, उमाभाऊ. आमची अम्मी बी भूकंपापासून रातीला दाराला कडी लावू देत न्हाई. सॉफ्टवेअर हेच राहू द्या, पेटी तेवढी माडीवर न्या."

लक्ष्मम्मांनी भांडी गप झाल्याची खात्री केली, खटका वर केला आणि मग पोराकडे वळल्या.

"नांदेडात कुणी कोन्तं बटन दाबलं ते तुला हितून दिसतंय. घरात आई रोज हाका मारतीया, ते माडीवर ऐकू येईना! पेटी ने वर. तू बस खाली."