खटावकर काका आणि गळाची घंटी

कुठेही घंटी वाजली, की खटावकर काका "ऐकलं!" म्हणून ओरडत. सायकलची, शाळेची, देवळातली, कसलीही. आमच्या तिरुवल्लिकेणीत रात्री सोनपापडीवाला घंटी वाजवत गाडी ढकलत फिरायचा. तो खिडकीखाली आला, की काका वरून ओरडणार, "ऐकलं!" त्या बिचाऱ्या तमिळ माणसाला मराठीचा गंध नाही. त्याला वाटायचं, गिऱ्हाईक हाक मारतंय. तो थांबून वर बघत राहायचा, मग काका ओशाळून खाली जायचे आणि एक पुडा घेऊन यायचे. काकांना मधुमेह. सोनपापडी खायचो मी. त्या वर्षी वाढलेलं वजन अजून उतरलेलं नाही.

आम्ही राहायचो त्या जागेला मॅन्शन म्हणतात. नावावर जाऊ नका. एका जिन्याभोवती चाळीस खोल्या, प्रत्येकीत एक खाट, एक कुरकुरणारा पंखा आणि एक बिनलग्नाचा पुरुष. मी सोलापूरहून मैलापूरच्या बँकेत बदली होऊन आलो होतो, मनाने पार खचलेला. शेजारच्या खोलीत सत्तरीचे काका. मुलगा याच शहरात, पेरुंगुडीला कॉम्प्युटर कंपनीत, त्याचा मोठा फ्लॅट, तो दर महिन्याला न्यायला यायचा. काका जायचे नाहीत. "तिथं एसी लावून सगळ्या खिडक्या बंद करतात रे. बाहेर काही वाजलं तर कळणार कसं?"

काका मूळचे खटावकडचे, पण सारा जन्म गेला इकडच्या रेल्वेत, आडगावच्या स्टेशनांवर स्टेशन मास्तर म्हणून. पलीकडच्या स्टेशनाकडून घंटीचे ठोके यायचे, तितकेच ठोके उलट द्यायचे, मग गाडी सुटायची. "घंटीला उत्तर दिलंच पाहिजे," हे त्यांचं पालुपद. "तिकडं माणूस कान लावून बसलेलं असतंय. चौतीस वर्षांत एक घंटी चुकवली नाही मी." आणि जरा थांबून, "नोकरीतली म्हणतोय."

एका रात्री सोनपापडीवाला खिडकीखाली तीनदा घंटी वाजवून गेला आणि वरून हाक काही गेली नाही. मला हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी काका गजराचं घड्याळ घेऊन माझ्या खोलीत आले. ते माझ्या कानापासून लांब लांब नेत विचारू लागले, "टिकटिक येते? आता? आता?" दारापर्यंत गेले तरी मला येत होती.

"झकास! शनिवारी माझ्याबरोबर नदीवर यायचं. रात्रभर."

"कशाला?"

"मागूर धरायला. माझ्या कानांचा आता भरवसा राहिला नाही. गळाची घंटी चुकता कामा नये."

आमच्या घरात माशाचं नाव काढलं तरी आई पदर नाकाला लावायची. तरीही गेलो. शनिवारच्या रात्री मला दुसरं काम तरी काय होतं?

अड्यार नदी शहरात कशी आहे ते ठाऊक असलेला माणूस नाक धरूनच बोलतो. काका मला बसने खूप वरच्या अंगाला घेऊन गेले, जिथे तिचं पाणी अजून पाण्याच्या रंगाचं होतं. माझी शिकवणी सुरू झाली. मागूर रात्री काठाशी येतो. त्याला दिसतं कमी, पण मिशांनी वास लागतो, म्हणून हाताला साबण नको. माझे हात त्यांनी चिखलाने धुवून घेतले. आमिष म्हणजे कोंबडीची आतडी, तीही दोन दिवसांची. उजेड पाडायचा नाही. मी नव्या मोबाइलचा टॉर्च लावला तर हातावर चापट बसली. गळ टाकायचा, तंगूस म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा ताणून, शेंड्याला घंटी बांधलेली काठी दगडात रोवायची आणि मासा ती वाजवेपर्यंत गप्प बसायचं. "बसता आलं की निम्मं आलं," काका म्हणाले. सोमवारी बँकेत माझ्या शेजारची बाई फायली घेऊन दुसऱ्या टेबलावर जाऊन बसली.

पहिला मासा मी पोटाखालून धरला. त्याच्या पंखाचा काटा तळहातात असा घुसला, की मी आईला हाक मारली. शेजारी गळ टाकून बसलेला एक म्हातारा खो खो हसला. "केळुत्ती, सार! केळुत्ती!" म्हणाला. तिकडे मागराच्या भावकीला केळुत्ती म्हणतात. काकांनी काट्यांच्या मागे बोटं घालून मासा अलगद धरला, त्याच्या तोंडातली गरी काढली आणि पाण्यात सोडून दिला.

"अहो, सोडलात काय?"

"मला कुठं खायचाय? त्यानं घंटी वाजवली, आपण उठलो. झालं की."

ही घंटी पितळेची, देवघरातली. काठीच्या शेंड्याला तिचा भार व्हायचा, काठी वाकायची. बाजारात गळाच्या इवल्या घंट्या मिळतात, मी एक आणूनही दिली. काकांनी ती खिशात टाकली आणि पुन्हा पितळेचीच बांधली.

असे पाच-सहा शनिवार गेले. मग बँकेत वर्षअखेरीची कामं आली, सलग तीन रात्री मी धड झोपलो नव्हतो. त्या शनिवारी काठावर माझा डोळा लागला. जाग आली ती घंटीनेच. काठी थडथडत होती, घंटी नुसती आकांत करत होती, आणि हातभर अंतरावर काका नदीकडे बघत ताठ बसले होते. त्यांना काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

मी धडपडत उठलो तोवर तंगूस सैल पडला. आमिष गेलं होतं. माझी हालचाल बघून काका वळले.

"वाजली का?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. "वाजली, काका."

त्यांनी काठीची घंटी सोडून तळहातावर घेतली.

"तुझी काकू आठ महिने अंथरुणाला खिळून होती. बोलणं गेलेलं. म्हणून ही घंटी मी तिच्या हाताशी दिली. रात्री वाजवायची, मी उठायचो. कधी पाणी, कधी कूस बदलायची, कधी नुसतंच. त्या रात्री मी डबल ड्यूटी करून आलो होतो. मला झोप लागली रे. सकाळी बघतो तर ती गेलेली, आणि घंटी खाटेखाली. आता वाजवून वाजवून पडली, का नुसतीच पडली, ते मला कोण सांगणार?"

मी पलीकडे पाहिलं. नेहमीचा तो केळुत्तीवाला म्हातारा बिडी विझवून केव्हाच निघून गेला होता.

काकांनी घंटी पुन्हा शेंड्याला बांधली. गाठ बसेना. मी बांधून दिली. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "आत्ता किती वेळ वाजत होती?"

मी झोपलो होतो. मला कुठे ठाऊक होतं? "एकदाच, काका. एकदाच वाजली आणि लगेच थांबली."

"नक्की?"

"नक्की."

"एकदाच," ते म्हणाले. थोड्या वेळाने माझ्या पिशवीवर डोकं टेकून ते आडवे झाले. इतक्या शनिवारांत काकांना झोपलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. तोंड उघडं टाकून लहान पोरासारखे झोपले होते. मला आता डोळा लावायची सोय नव्हती. गुडघे पोटाशी घेऊन मी काठीच्या शेंड्याकडे बघत बसून राहिलो. मच्छरांनी फोडून काढलं.

पहाटे घंटी वाजली. काकांना उठवलं नाही. काठीला हात घातला आणि त्यांना जाग येणार नाही अशा बेताने म्हणालो, "ऐकलं."