बैठका काढायला लावणारे वकील

मुलांनो, वाशीमला आमच्या शेजारी त्र्यंबकराव वकील राहत. पक्षकार आला की ते त्याला आधी ओसरीवर बैठका काढायला लावत. फिर्याद नंतर.

"रक्त पायात साचलं त डोकं कसं चालन? हालव आंग. मंग आठवते."

परीक्षेत नापास झालेल्यालाही हाच उपाय, भाकरी करपवणाऱ्या सुनेलाही हाच. स्वतःचं पोट मात्र त्यांच्याआधी दाराबाहेर पडे. माझ्या सासऱ्यांनी विचारलं, "आन तुमच्या बैठका?"

"माह्यं डोकं चालतेच ना. मले काय गरज?"

मी नवी सून, इंग्रजी शिकलेली. वकिलांनी मला विचारलं, "सूनबाई, तुह्या इंग्रजी पुस्तकात हे हाय का?"

"नाही, काका."

"मंग ते बसून लिवलं असन."

एकदा शेताच्या हद्दीच्या दाव्यात त्यांच्या पक्षकाराने शेलूबाजारच्या करीम पिंजाऱ्याला साक्षीला आणलं. वकिलांनी त्याला घाम फुटेपर्यंत बैठका काढायला लावल्या. कोर्टात करीम त्या पक्षकाराकडेच बोट दाखवून म्हणाला, "सायब, पयले मले याद नव्हतं. वकीलसाबनं बैठका काढाले लावल्या, तवा सारं आठवलं. बांध यायनंच सरकवला."

दावा गेला. त्र्यंबकराव खुशीत. "पाह्यलं? चाललं का नाई डोकं?"

पक्षकार म्हणाला, "वकीलसायब, त्याले म्या सांगाले आनलं होतं. आठवाले नाई."

त्यानंतर पक्षकार कमी झाले. त्याच सुमारास वकील रोज सकाळी बायकोला घेऊन तळ्याकाठी चालू लागले. तेव्हा नवरा पुढे, बायको मागे, अशी रीत होती. इथे यमुनाकाकू पुढे आणि वकील मागे. पानवाला हसे. "वकीलसायब, आज कोनाच्या मांगं?"

"माह्या पक्षकाराच्या."

आम्हीही हसलो. मग एक दिवस काकू आमच्या स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, "मी कामरगावले जातो. माय वाट पाहून राह्यली असन." त्यांची आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. काकूंना मागे ठेवलं तर त्या कुठे वळतील याचा नेम नव्हता. डॉक्टरांनी हात टेकले होते. वकिलांजवळ उपाय एकच होता, तोच ते करत होते.

हिवाळ्यातल्या एका सकाळी दोघं आमच्या दाराशी थांबले. वकिलांना धाप लागली होती. मी आत आहे हे त्यांच्या ध्यानात नसावं. ते हळूच म्हणाले, "अवं, मी कोन व्हय, सांग बरं."

काकू त्यांच्याकडे पाहत राहिल्या. वकिलांनी आमच्या दाराची चौकट घट्ट धरली.

त्या काळी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. काकूंनी पदर कपाळापर्यंत ओढला. "रस्त्यावर तुमचं नाव कसं घेऊ?"

त्र्यंबकराव मटकन आमच्या पायरीवर बसले. सासूबाई पाणी घेऊन आल्या.

काकू पदर सावरत वकिलांच्या मागे, बायकोच्या जागी, जाऊन उभ्या राहिल्या.