चौथ्या कपातलं लॅव्हेंडर

स्वतःच्या नाकाबद्दल स्वतः बोलू नये म्हणतात. पण माझ्या नाकाबद्दल दुसरं कोणी बोलतच नाही, म्हणून मलाच बोलावं लागतं! लिफ्टमधून नुकतं कोण उतरून गेलं, हे मी आत शिरल्याशिरल्या सांगतो. शेजाऱ्यांचं दूध उतू जायला लागलं की त्यांच्याआधी मी ओरडतो.

असं नाक घेऊन मी चहाच्या कंपनीत अकरा वर्षं काय केलं? खोक्यांवर लेबलं चिकटवली! शेवटी मोठ्या टेस्टरबाईंच्या हाताखाली चहा चाखणाऱ्याची जागा निघाली आणि मी अर्ज ठोकला. ही जागा हुकली असती, तर निवृत्तीपर्यंत डिंकाचाच वास घ्यावा लागला असता.

परीक्षेच्या सकाळी घोटून दाढी केली आणि कपाट उघडलं. त्यात माझी दौलत आहे. जहाजावर नोकरी केलेल्या मामांनी मला विलायती कोलन आणि आफ्टरशेव्हची गोडी लावली. लिंबाचं उन्हाळ्यात, लवंग-तमालपत्राचं थंडीत, आणि लॅव्हेंडर मोठ्या दिवसासाठी! हिरवट काचेची जड बाटली, वर नुसतं मुकुटाचं चित्र. गालावर थापटलं की आधी झोंबतं, मग गार वाटतं, आणि मग आपल्या मालकीचे पाच-सहा घोडे असावेत असं वाटायला लागतं. सुख म्हणजे दुसरं काय असतं हो!

"अहो, आज वासाची परीक्षा ना? मग हे कशाला फासताय?" बायको म्हणाली.

"हे फासत नाहीत, टिपतात!" मी म्हणालो आणि रुमालावरही चार थेंब टाकले.

चाखायच्या खोलीच्या दारावर पाटी होती : 'अत्तर, कांदा, तंबाखू यांना प्रवेश नाही.' आफ्टरशेव्ह म्हणजे अत्तर नव्हे, असा वाद मी स्वतःशी घालून पाहिला. पण पाटीखाली बाईंची सही होती. मुकाट्याने साबणाने तीनदा तोंड धुतलं. खिशातला रुमाल मात्र साफ विसरलो.

आत लांब टेबलावर सात पांढरे कप. "कप बघून घ्या आणि चहा ओता," बाई म्हणाल्या. चौथ्या कपात पाण्याचा थेंब दिसला. नीटनेटका माणूस मी! रुमाल काढला आणि कप आतून-बाहेरून लख्ख पुसला.

बाई चमच्यातून चहा असा सुर्रर्र ओढतात की भिंतीपलीकडचा माणूस दचकतो. मग तो तोंडात घोळवून पिंपात थुंकतात. तीन कप झाले. प्रत्येक कपात काय लागतंय ते मी सांगितलं, बाईंनी कागदावर खूण केली. चौथ्याला त्या थांबल्या. पुन्हा सुर्रर्र! आणि थुंकल्याच नाहीत, चक्क गिळला! तीस वर्षांत असं झालं नव्हतं.

"तुम्हाला काय लागतंय?" त्यांनी हळूच विचारलं.

मी घोट घेतला. हे तर माझेच गाल! पण नाकाचा अभिमान वाईट. तोंडातून निघून गेलं, "लॅव्हेंडर. मागे लिंबाची साल. आणि अगदी तळाशी झाडावरचं ओलं शेवाळ."

"शेवाळ!" बाईंनी टेबलावर हात आपटला. "तेच मला सापडत नव्हतं! मालकांना बोलवा! आणि हा कप धुऊन पुन्हा भरा!"

कप धुतला. पुसायला फडकं समोरच होतं. पण फडक्याने पुसला तर वास जाणार, आणि माझं बिंग फुटणार! हात आपला आपण खिशाकडे गेला. खरं सांगतो, तो हात त्या वेळी माझं ऐकतच नव्हता.

मालकांनी एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "माझं लग्न ठरलं त्या दिवशी असं वाटलं होतं." लगेच त्यांनी त्या चहाच्या मळेवाल्याला फोन लावला.

"तुमच्या मळ्याशेजारी लॅव्हेंडर आहे का हो?"

"शेजारी गोठा आहे!" पलीकडून आवाज आला. "का? वास येतोय?"

"काय सुरेख येतोय! या वर्षीचं सगळं पीक आम्हीच उचलणार!"

सगळं पीक! माझ्या चार थेंबांवर! मला दरदरून घाम फुटला. घाम पुसायला रुमाल काढला आणि खोलीभर घमघमाट सुटला. आता बोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"साहेब, फोन ठेवा! मळा इथे आहे!" मी रुमाल पुढे केला.

मालकांनी हुंगला. बाईंनी हुंगला. दारातल्या शिपायाने दोनदा हुंगला. फोनमधून "हॅलो? हॅलो?" चाललं होतं. मालक आधी लाल झाले, मग एकदम असे खो-खो हसत सुटले की त्यांना खुर्चीत बसवावं लागलं.

बाई मात्र हसल्या नाहीत. "ते शेवाळ बाटलीवर लिहिलंय?"

"नाही बाई. बाटलीवर नुसता मुकुट आहे. दहा वर्षं हुंगून हुंगून ओळखलं."

"बसा. उरलेले तीन कप सांगा."

तिन्ही बरोबर आले! बाईंनी कागद मिटला. "सोमवारपासून या. अट एकच. नोकरी आहे तोवर अंगावर, कपड्यांवर, रुमालावर एक थेंबही नको."

"रविवारी लावलं तर?"

"वास सोमवारपर्यंत राहतो."

नोकरी हवी होती, मी मान डोलावली. पण बाटल्या टाकवेनात. शेवटी तिन्ही बाटल्या मी माझ्या मेहुण्याला दिल्या. त्याचं-माझं आजवर एका वाक्यावरही पटलेलं नाही. आता तो दर रविवारी दाढी करून, गाल थापटून घरी येतो आणि मी दारातच त्याला मिठी मारतो. चांगली दोन मिनिटं सोडत नाही! बायकोच्या डोळ्यांत पाणी येतं. माझ्या भावावर किती जीव जडलाय यांचा, असं ती सगळ्यांना सांगत फिरते.

तिला अजून काही सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका. गेल्या रविवारी तो दाढी न करता आला होता. त्याला मी चहासुद्धा विचारला नाही!