एक दिवस वजा

बावीस वर्षं मी वर्तमानपत्रात प्रूफं तपासतोय, आणि बावीस वर्षांत पहिल्या पानाच्या माथ्यावर एकदाही चुकीचा वार छापू दिलेला नाही. संपादक बदलले, मालक बदलले, कागद पातळ झाला. वार मात्र बरोबरच राहिला. म्हणून बायकोचा धाकटा भाऊ सुजलेला हात घेऊन आमच्याकडे राहायला आला, तेव्हा मी छातीठोकपणे सांगितलं, "एवढा पेपर सांभाळतो, एक हात सांभाळता येणार नाही?"

मेहुणा बॉक्सर आहे. शनिवारी त्याची निवड चाचणी होती, आणि वयाच्या अटीमुळे ही शेवटचीच. नेमकी सरावात उजव्या मुठीच्या सांध्यांना सूज आली. फिजिओथेरपिस्ट बाईंनी बर्फ, पट्टी आणि तांदळाच्या डब्यात हात खुपसून मूठ उघडझाप करायचा व्यायाम सांगितला. सूज बरीच उतरली होती, आठवडा नीट गेला तर चाचणीला हरकत नाही, असं त्या म्हणाल्या. मी लगेच आठवड्याची रजा टाकली आणि बॉक्सिंगच्या दुखापतींवरचं एक पुस्तक आणलं. त्यातल्या पाच चुका पहिल्याच दिवशी पेन्सिलीने दुरुस्त केल्या.

"दाजी," मेहुणा म्हणाला, "शनिवारी रिंगणाच्या कोपऱ्यात पाण्याची बाटली घेऊन तुम्हीच उभे राहा. ओळखीचा चेहरा दिसला की मला धीर येतो."

प्रूफ तपासणाऱ्याकडे बघून आजवर कुणाला धीर आलेला नव्हता.

मंगळवारी सकाळी बायको शाळेत शिकवायला गेली होती. मेहुणा स्वयंपाकघरात जमिनीवर बसून बर्फाच्या पाण्यात हात बुडवून होता. मी फोनवर मिनिटं मोजत होतो. आणखी बर्फ काढायला फ्रीजचं दार उघडलं, त्याच क्षणी तो उठला, आणि दार त्याच्या कपाळावर आपटलं. माझा फोन पाण्यात पडला आणि गतप्राण झाला.

"काही नाही झालं," तो कपाळ चोळत म्हणाला.

पण पुस्तकात पान चाळीसवर स्पष्ट लिहिलं होतं: डोक्याला मार लागला की स्क्रीन बंद, आणि रुग्णाला साधे प्रश्न विचारा. मी त्याचा फोन काढून घेतला, कपाटात कुलूपबंद केला आणि विचारलं, "आज वार कोणता?"

"मंगळवार."

भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठसठशीत बुधवार होता. रोज सकाळी मीच पान फाडतो, आजही फाडलं होतं.

"नीट आठव," मी मऊ आवाजात म्हटलं.

"मंगळवारच ना?"

"बाळा, बुधवार आहे."

त्याने कॅलेंडर पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. बावीस वर्षांचा अनुभव त्यालाही ठाऊक होता. "पण काल सोमवार होता," तो हळूच म्हणाला.

"तुला तसं वाटणारच," मी म्हणालो आणि रिक्षा बोलावली.

रिक्षात मी त्याचा हात धरून बसलो. तो बोटांवर वार मोजत होता आणि दर वेळी मंगळवारपाशीच अडखळत होता. "दाजी, माझा एक दिवस गेला कुठे?" असं त्याने इतक्या केविलवाण्या आवाजात विचारलं, की मलाच चक्कर यायला लागली.

डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आज वार कोणता?"

मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. "बुधवार," तो धीर करून म्हणाला.

डॉक्टरांनी काहीतरी लिहिलं. "इथे कुणाबरोबर आलात?"

"हे माझे दाजी आहेत," तो म्हणाला, आणि पुन्हा माझ्याकडे बघून, "आहात ना?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "निदान दोन आठवडे रिंगणात उतरायचं नाही. चाचणीसाठी तंदुरुस्तीचं पत्र देता येणार नाही."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मला राहवलं नाही. "अहो डॉक्टर, बरोबर सांगितलं की त्याने. बुधवारच आहे!"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, खुर्ची माझ्याकडे वळवली आणि माझ्या डोळ्यांत बॅटरी मारली. "तुम्हालाही लागलंय का कुठे?"

आम्हाला रिक्षात बसताना पाहिलेल्या शेजारणीकडून कळल्यावर बायको शाळेतून धापा टाकत आली. सगळं ऐकून तिने कपाळाला हात लावला. "यांना काही झालेलं नाही, डॉक्टर. हे रोज उद्याचा पेपर तपासतात. उद्याच्या पानांशी गडबड नको म्हणून घरातलं कॅलेंडरही एक दिवस पुढे ठेवतात. लग्न झाल्यापासून मी मनातल्या मनात एक दिवस वजा करते."

"आणि रोज घरी पेपर येतो तो?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"तो मी उघडत नाही. आदल्या दिवशीच वाचलेला असतो."

डॉक्टरांनी मग मेहुण्याला नीट तपासलं. एका पायावर उभं केलं, शब्द लक्षात ठेवायला सांगितले, आकडे उलटे म्हणायला लावले. मेंदू ठणठणीत होता. "परवा पुन्हा दाखवा, मग पत्र देतो," ते म्हणाले आणि बायकोकडे वळून हळूच पुढे म्हणाले, "यांना आणू नका."

मी ओशाळलो, पण धडा घेतला. बायको एक दिवस वजा करते, तर मीही करणार. बुधवारपासून मी सकाळी पान फाडायचो, वार वाचायचो आणि एक वजा करायचो. फोन दुरुस्तीला, ऑफिसला रजा. दुसरीकडे वार बघायची गरजच पडली नाही. एक दिवस बर्फ, एक दिवस तांदूळ, असं करता करता हात अगदी बरा झाला. आता नुसतं कोपऱ्यात उभं राहायचं होतं.

एका सकाळी मेहुणा सहा वाजता बॅग घेऊन निघाला. कॅलेंडरवर शनिवार होता. वजा एक, शुक्रवार. चाचणीआधीचं वजन द्यायला चालला असेल, असं मी धरलं.

"दाजी, दहाला या," तो दारातून म्हणाला.

"दहा म्हणजे दहा," मी म्हणालो. उद्या नऊलाच जाऊन उभं राहायचं, असं मी ठरवलं होतं. बायको नेहमीप्रमाणे शाळेत गेली. मी टॉवेल धुतला, बाटली उकळत्या पाण्यातून काढली आणि आरशासमोर उभा राहून चेहऱ्यावर धीर आणायचा सराव केला.

तीनच्या सुमारास दोघं घरी आले. त्याच्या भुवईवर पट्टी होती, हातात निवडीचं पत्र.

"कुठे होतात?" बायकोने विचारलं. "अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर मी पोचले, तर हा एकटाच. शेवटी बाटली घेऊन मी उभी राहिले."

"आजच होती? पण आज तर शुक्रवार."

बायको खुर्चीवर बसली. "मंगळवारी संध्याकाळीच मी फाडलेलं एक पान परत चिकटवलं. कॅलेंडर आता बरोबर आहे. तुम्हाला सांगितलंही होतं."

सांगितलं असेल. मी तेव्हा बर्फाची मिनिटं मोजत होतो.

"प्रत्येक फेरीनंतर मी दाराकडे बघत होतो," मेहुणा म्हणाला. "एकदा पुढच्या फेरीची घंटा झाल्यावरही बघितलं. तेव्हाच भुवई फुटली."

मी बर्फ फडक्यात गुंडाळून आणला आणि त्याच्या भुवईवर धरला. त्याने दुसऱ्या हाताने मला समोर बसवलं आणि माझ्या डोळ्यांत निरखून बघत विचारलं, "दाजी, आज वार कोणता?"

मी कॅलेंडरकडे बघितलं. मग बायकोकडे. वजा करायचं की नाही, काही केल्या सुचेना.

"तू सांग," मी म्हणालो. "मी तपासून देतो."