राष्ट्रपतींच्या वतीने

गुणवंतरावांना स्वतःचा असा राग नव्हता. ते रोज सकाळी राष्ट्रपतींच्या वतीने रागावत.

नागपूरची पहिली एस.टी. यवतमाळच्या स्टँडवर लागायची, तिच्या टपावरून पेपरांचा गठ्ठा उतरायचा, आणि चहा संपायच्या आत गुणवंतरावांचा आवाज त्यांच्या प्रेसबाहेर रस्त्यापर्यंत पोचायचा. "पाहा! पुन्हा सही घेतली त्याईची! मंत्री बदलले अन् त्याईले मागून सांगतलं!" त्याई म्हणजे राष्ट्रपती. राष्ट्रपतींनी स्वतः अशी तक्रार केल्याचं माझ्या तरी वाचनात नव्हतं. पण गुणवंतरावांच्या मते तोच त्यांचा मोठेपणा होता, आणि म्हणूनच त्यांच्या वाटचं कुणीतरी रागावणं भाग होतं.

मी बी. ए. आहे हे आधीच सांगून टाकतो. गुणवंतरावांकडे मला नोकरी मिळाली ती त्यामुळे नाही. माझ्याजवळ भारताच्या घटनेची प्रत होती, म्हणून मिळाली. माझा बाप घाटंजीकडचा मजूर. जन्मभर कागदावर अंगठा उठवत आला. नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन परतल्यावर त्यानं मला एकच गोष्ट सांगितली, "ते पुस्तक घे अन् पुरं वाच." मी घेतलं आणि पुरं वाचलं. गुणवंतरावांच्या 'जागल्या' साप्ताहिकात उपसंपादकाच्या जागेसाठी गेलो तेव्हा त्यांनी माझ्या पदवीच्या कागदाकडे बघितलंही नाही. "घटनेचं पुस्तक हाय काय जवळ?" एवढं विचारलं, आणि आतून आलेला आपला चहा अर्धा बशीत ओतून माझ्यापुढे सरकवला. त्या वर्षांत आमच्या भागात ही लहान गोष्ट नव्हती. पुढे त्यांनी माझं जे डोकं खाल्लं, ते मी त्या बशीसाठी खाऊ दिलं.

घटनेला ते 'तुमची घटना' म्हणत. जसा काही तिचा डबा आमच्या घरून येत होता.

"रामटेके, तुमच्या घटनेत राष्ट्रपतीचा हुकूम नेमका कुठं चालते?"

"काकाजी, घटना सगळ्यांची आहे."

"असंल बापा. पन चालते कुठं?"

मी कलमं दाखवायचो. मंत्रिमंडळ सल्ला देतं, राष्ट्रपती त्याप्रमाणे वागतात. गुणवंतराव चष्मा कपाळावर चढवून म्हणत, "याले सल्ला म्हनते काय? माही सून मले सल्ला देते, आंघोळीले जा म्हनून. ते सल्ला हाय?"

देशात विषयांचा दुष्काळ नव्हता. चीन सरहद्दीवर होता. धान्याच्या दुकानापुढे रांगा होत्या. विदर्भ मुंबईच्या दावणीला बांधला म्हणून अर्धं गाव फुरफुरत होतं. मी यांतल्या एकेका विषयावर मेहनतीनं मजकूर लिहून न्यायचो. तो आतल्या पानावर, सरकीच्या भावाखाली जायचा. अग्रलेख ठरलेला. 'आम्ही राष्ट्रपतींस पुनश्च बजावू इच्छितो की, सहीस आलेला कागद त्यांनी प्रथम वाचावा, नंतर उशाशी ठेवावा, व घाई करणारास बाहेर बसवावे.' यवतमाळातून दिल्लीला बजावणारा हा माणूस स्वतःच्या घरात पंखा लावायचा की नाही हेही ठरवू शकत नव्हता. तो खर्च मधुकर ठरवायचा.

मधुकर म्हणजे त्यांचा मुलगा. प्रेस त्यानंच उभा ठेवला होता. कापसाच्या जिनिंगची बिलबुकं, दुकानांची हँडबिलं, लग्नाच्या पत्रिका छापून जे उरायचं त्यावर 'जागल्या' जगायचा.

"काकाजी, एकदा तरी पंतप्रधानांवर लिहू या," मी एकदा वैतागून म्हटलं.

"कायले? पंतप्रधान म्हनजे घरातला कर्ता पोरगा. त्याच्यावर समदे लिहून राह्यले. म्हाताऱ्यावर कोन लिहिते?"

एकदा कुठलंसं विधेयक लोकसभेत मंजूर झालं आणि गुणवंतराव मला घेऊन तार ऑफिसात गेले. तार अशी: 'सही करू नये. पत्र मागाहून.' तारबाबूनं विचारलं, "कोणत्या कागदावर सही करू नये?"

"ते त्याईले माहीत हाय. तू पाठव."

महिन्याभरानं दिल्लीहून छापील पोच आली. गुणवंतरावांनी ती रस्त्यावरच्या पानवाल्यापर्यंत सगळ्यांना दाखवली. मी स्पष्ट बोलणारा माणूस आहे. म्हटलं, "काकाजी, ही सगळ्यांना जाते. खाली कुण्या कारकुनाचा रबरी शिक्का आहे."

त्यांनी शिक्का चष्म्याजवळ धरून निरखला. मग म्हणाले, "म्हनजे पोचेवरबी त्याईले सही करू देत नाही! रामटेके, हाच अग्रलेख."

राष्ट्रपतींच्या निवडणुकीत तर त्यांनी कहर केला. कळंबला चिंतामणीच्या देवळाबाहेर एक आमदार चपला घालत होते, तिथंच त्यांना धरलं. "कोनाले मत देता?" आमदार बिचारे खरं बोलले, "पक्ष सांगेल त्याले." पुढच्या अंकाचा मथळा: 'आमदारांस मत नाही!' सरकारी जाहिराती बंद पडल्या. मधुकर त्या आमदारांच्या घरी तीनदा हात जोडून आला. घरी येऊन बापाला एक शब्द बोलला नाही. पण त्या दिवसापासून त्यानं बापाला काही सांगायचंच सोडलं. मला म्हणाला, "रामटेकेभाऊ, ह्या घरात एक गोष्ट बाबाले इचारली, का ते पुढच्या लोकसभेपर्यंत गेली."

आणि त्यातूनच पुढचं सगळं झालं.

प्रेसमध्ये एक नियम होता. काहीही छापायचं तर त्याचं प्रूफ गुणवंतरावांच्या टेबलावर जायचं. त्यांनी निळ्या पेन्सिलीनं सही केल्याशिवाय मशीनमन पॅडलला पाय लावत नसे. एका सकाळी जिनिंगच्या बिलबुकाच्या आणि एका मंडपवाल्याच्या हँडबिलाच्या मध्ये एक पत्रिका आली. 'आमचे येथे श्रीकृपेकरून आमची कन्या चि. सौ. कां. शालिनी हिचा शुभविवाह...' खाली विनीत म्हणून गुणवंतरावांचंच नाव.

मी समोरच बसलो होतो. त्यांनी पत्रिका आधी शुद्धलेखनासाठी वाचली. एक अनुस्वार दुरुस्त केला. मग दुसऱ्यांदा वाचली.

"रामटेके, ही आमची शालू हाय काय?"

शालू त्यांची धाकटी, नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका. स्थळ मामानं आणलेलं, मुलगा भिलाईला पोलादाच्या कारखान्यात. नागपुरात बघणं झालं होतं. मधुकरला वाटलं, बायकोनं बाबांना सांगितलं. बायकोला वाटलं, शालूनं सांगितलं. शालूला वाटलं, असल्या गोष्टी दादा सांगतो. कपटानं कुणी लपवलं नव्हतं. बाबांना सांगायचं राहून गेलं होतं, जसं घासलेटचं पीप भरून आणायचं राहून जातं.

गुणवंतरावांनी पत्रिकेवर लिहिलं, 'पुनर्विचारार्थ परत', आणि नागपूरचा पेपर उघडला.

घरात जो गोंधळ झाला तो विचारू नका. मांडव ठरलेला, आचारी सांगितलेला, भिलाईची मंडळी पत्रिकेची वाट बघत असलेली. मशीनमन हाताची घडी घालून बसला. दुसऱ्या प्रेसमध्ये छापावी तर गावात शोभा. शेवटी मधुकर माझ्याकडे आला. "तुम्हीच समजावा. तुमचं ते पुस्तक घेऊन जा."

माझंही डोकं तापलेलं होतं. एक सही करता यावी म्हणून माझ्या बापानं पोटाला चिमटा घेऊन पोराला शिकवलं, आणि हा माणूस सही येत असून करत नाही! मी कलम एकशे अकरा उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. "काकाजी, राष्ट्रपतींना विधेयक एकदा परत पाठवता येतं. तेच पुन्हा आलं की नाही म्हणता येत नाही. ही पत्रिका पुन्हा आली आहे."

त्यांनी चष्मा नाकावर घेऊन शब्द न् शब्द वाचला. इंग्रजी अडलं तिथं मला विचारलं. मग म्हणाले, "सही कराच लागते, हे बराबर. पन किती दिवसांत, हे कुठं लिहिलं हाय?"

मी पुस्तक ओढून घेतलं. वर पाहिलं, खाली पाहिलं. नव्हतं लिहिलेलं.

"तं मंग पत्रिका विचाराधीन हाय," गुणवंतराव म्हणाले आणि तिच्यावर पेपरवेट ठेवला.

मला रडावं की पुस्तक त्यांच्या डोक्यात घालावं ते कळेना. "काकाजी, मुलात काही खोट आहे काय?"

"मी पाह्यलाच नाही, तं खोट कशी काढू?"

"मग शालूबाईंचं नुकसान कशाला?"

त्यांनी पेपर पुन्हा उघडला. पान मात्र बराच वेळ उलटलं नाही.

त्याच दुपारी शाळा सुटल्यावर शालू आली. खडूनं भरलेले हात तसेच. माझ्या टेबलाजवळचं स्टूल ओढून बापासमोर बसली. मी उठून जाणार होतो, पण खोलीला दार एकच, आणि ते तिच्या पाठीमागे होतं.

"पत्रिका विचाराधीन हाय," गुणवंतराव वर न बघता म्हणाले.

"मी पत्रिकेसाठी नाही आली. इचाराले आली. बाबा, मी जाऊ काय?"

त्यांनी पेपर खाली ठेवला. "मधुकर तं म्हनते, समदं ठरलं."

"ठरलं. पन तुम्ही नाही म्हनसान तं मी नाही जात. दादाले सांगून तसं भिलाईले कळवतो."

बाहेर मधुकर मशीनमनला काहीतरी सांगत होता. तिनं हे गमतीनं म्हटलं नव्हतं, ते मला तिच्या मानेवरून दिसत होतं.

"पोरगा कसा हाय?" गुणवंतरावांनी विचारलं.

"बरा हाय. कमी बोलते."

"हे बेस हाय. तुह्या वाटचं बोलनं मीच सारं खर्च केलं." मग, "भट्टीपाशी काम करते म्हनते?"

"हो."

"मंग संध्याकाळी घरी आल्या आल्या त्याले खायाले नको देऊ. आधी पानी देजो. गार नाही, साधं."

शालूनं मान हलवली. गुणवंतराव निळी पेन्सिल शोधू लागले. ती त्यांच्या कानावरच होती. तिनंच काढून हातात दिली.

"काहून इचारलं तू?" ते म्हणाले. आवाज नेहमीसारखा चिडका, पण अर्धाच निघाला. "न इचारता गेली असती तं मी जन्मभर भांडलो असतो तुमच्यासंग. आता कशाच्या जोरावर भांडू?"

त्यांनी सही केली. सही झाल्यावर पत्रिका तिच्याकडे सरकवली, पण तळहात काही तिच्यावरून उचलला नाही. शालूनंही कागद ओढला नाही. खडूची बोटं त्यांच्या हाताशेजारी तशीच ठेवून बसली.

मी तिच्या मागून अंग चोरून बाहेर आलो. मधुकर मशीनपाशी उभा होता, शाई लावून तयार.

"झाली काय सही?"

"नाही अजून," मी म्हटलं. "थांबा जरा."